नवा युकुलेले: तपासणी, घासाघीस आणि एक गाजलेली जवारी (बडोदा, ऑगस्ट-सप्टेंबर २०२४)

३ ऑगस्ट, शनिवार

खोकं संध्याकाळी आलं. लेकीला हवा होता तो कॉन्सर्ट आकाराचा युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य), ऑनलाइन, ४,३५० रुपये. आधी त्याहून लहान, सोप्रानो आकाराचा घेणार होतो, तो हजारभराने स्वस्त पडत होता. पण सोप्रानोच्या पडद्यांमध्ये (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) माझी बोटं मावत नाहीत, आणि घरात आलेली प्रत्येक वस्तू शेवटी माझ्याच मांडीवर येते हा अनुभव आहे. परत पाठवायची मुदत सात दिवस.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) टूलरूमला इन्स्पेक्शन बघतो. माल आला की आधी माप, मग सही. संगीतातलं मला काही कळत नाही. त्यासाठी दांडिया बाजारात आत्या आहे. वय चौऱ्याहत्तर, सूरसागराजवळच्या म्युझिक कॉलेजात शिकलेली. सयाजीरावांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाताखाली जी गायनशाळा काढली, तेच हे कॉलेज. हे ती दर भेटीत एकदा तरी ऐकवते.

पहिली चूक पहिल्याच तासात केली. तारा लावल्या, मोबाइलवरच्या ट्यूनरवर जी-सी-ई-ए जुळवलं आणि लगेच आवाजावर निकाल देऊन टाकला: बेसूर, भिकार, परत पाठवा. परतीचा अर्ज अर्धा भरूनही झाला होता. नायलॉनच्या नव्या तारा चार-पाच दिवस ताणतच राहतात, दर दोन मिनिटांनी उतरतात. त्या बसेपर्यंत सुराबद्दल काही बोलू नये. अर्ज तसाच अर्धा ठेवला.

४ ऑगस्ट

आवाज बाजूला ठेवून डोळ्यांनी आणि मापाने तपासणी. साडेतीन तास गेले.

खोक्यावर "सॉलिड महोगनी" छापलंय. पोटावरच्या गोल भोकाची कड टॉर्च लावून बघितली. अख्खं लाकूड असेल तर वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरतात. इथे तीन थर स्पष्ट दिसतात, मधला आडवा. म्हणजे प्लाय. व्हर्निअरने (बारीक मापाची सरकती पट्टी) भोकाच्या कडेला जाडी मोजली: २.६ मिमी. चांगल्या वाद्यांची तबली (पोटावरची फळी) साधारण दीड ते दोन मिमीच्या आसपास असते. आवाज दबका का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं, आणि हे उत्तर मला बदलता येणार नाही.

मान बघितली. पडद्यांवर स्टीलची पट्टी उभी धरून मागून उजेड टाकला, फट कुठे नाही. मग तीन-तीन पडद्यांवर छोटी पट्टी ठेवून डुलते का ते पाहिलं. पंधराव्यापाशी किंचित डुलली, पण तिथवर लेक वर्षभर तरी पोचत नाही. सोडून दिलं.

पडद्यांच्या जागा. तारेची लांबी ३८० मिमी. तिला १७.८१७ ने भागलं की पहिल्या पडद्याचं अंतर मिळतं, २१.३. उरलेल्या लांबीला पुन्हा तसंच भागत जायचं. माझी मापं: पहिला २१.३, पाचवा ९५.४, सातवा १२६.३, बारावा १९०.१. गणिताने यायला हवेत २१.३, ९५.३, १२६.४ आणि १९०. या किमतीला मी इतकं धरलं नव्हतं. पडदे चुकीच्या जागी ठोकलेले असते तर त्याच क्षणी अर्ज पूर्ण केला असता, कारण त्याला औषध नाही.

तबलीवर चिकटवलेल्या ब्रिजच्या (तारा अडकवतात तो लाकडी ठोकळा) कडेने कागदाची पट्टी आत सरकते का पाहिलं, कुठेच सरकली नाही. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा (८० रुपये) भोकातून आत घालून आतल्या पट्ट्या बघितल्या. सरसाचे ओघळ भरपूर, दिसायला ओंगळ, पण पट्ट्या घट्ट. मानेच्या कडेवरून बोट फिरवलं, तीन पडद्यांची टोकं बोचतात.

५ ऑगस्ट

आज श्रावण लागला आणि पाऊसही. कामावरून येताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) घेऊन आलो.

तार पडद्यापासून किती उंच आहे ते मोजलं. पहिल्या पडद्यावर १.१ मिमी. असायला हवी अर्ध्या मिमीच्या आसपास. बाराव्यावर ३.४, तिथे मला अडीच ते पावणेतीन हवी. ट्यूनरवर मोकळ्या तारा बरोबर जुळवून पहिला पडदा दाबला: ई तार २२ सेंट वर (लगतच्या दोन पडद्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट), सी तार १८ सेंट वर. बाराव्यावर १२.

इथे कोडं सुटलं. डोक्याकडची पांढरी पट्टी, जिला दुकानदार नट म्हणतात आणि आत्या मेरू, तिच्यातल्या खाचा उथळ आहेत. तार तिथे उंच बसते. ती पडद्यापर्यंत दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. वरच्या पडद्यांवर हा त्रास कमी होत जातो. म्हणून लेकीला सी कॉर्ड बरा वाटायचा (त्यात एकच बोट, तिसऱ्या पडद्यावर) आणि एफ भयंकर (त्यात पहिला पडदा येतो). ती बिचारी आपलं बोट चुकतंय समजत होती.

८ ऑगस्ट

ठेवायचा ठरवला. तबली, मान आणि पडद्यांच्या जागा मला बदलता येत नाहीत. त्यातल्या दोन गोष्टी चांगल्या निघाल्या, एक सुमार. नट, सॅडल (ब्रिजमधली पट्टी, जिच्यावर तारा टेकतात), तारा, पडद्यांची टोकं हे सगळं घरी होण्यासारखं. कुणी विचारलं तर मी याच क्रमाने बघायला सांगेन. चकाकी आणि लाकडाचा रंग शेवटी.

"सॉलिड"बद्दल विक्रेत्याला भोकाच्या कडेचा फोटो पाठवला. तीनशे रुपयांचं कूपन देऊ म्हणाले, पुढच्या खरेदीवर. नको म्हटलं.

१० ऑगस्ट

नटच्या खाचा खोल करायच्या. याच्या खास कानशींचा संच युकुलेलेच्या निम्म्या किमतीला मिळतो. मी गॅस वेल्डिंगच्या नोझलचा टिप क्लीनर वापरला. वेगवेगळ्या जाडीच्या खरखरीत तारांचा जुडगा असतो तो. तारेच्या जाडीपेक्षा किंचित जाड काडी निवडायची, खाचेचा तळ गोल येतो. आमच्या तारा: ए ०.६, जी ०.७, ई ०.८, सी १.० मिमी.

पद्धत अशी. तिसरा पडदा दाबून पहिल्यावर तार किती वर राहते ते बघायचं. कागदाएवढी फट उरली की थांबायचं. चार-पाच वेळा घासलं की तार बसवून बघायची, पुन्हा काढायची. कंटाळवाणं काम आहे. जी, ई, ए नीट झाल्या, दीड तास लागला.

सी राहिली होती. जेवायला हाका चालू होत्या. न तपासता सलग वीसेक वेळा घासलं.

११ ऑगस्ट, रविवार

आत्या आली. नाश्ता होईपर्यंत वाद्याकडे बघितलंही नाही. मग मांडीवर घेतलं, चारही तारा जी-सी-ई-ए अशा एकेक छेडल्या.

"प, सा, ग, ध," ती म्हणाली. "पांढरी एकचा सा. पण जाड तार मधेच का रे?"

"असंच असतं आत्या. वरची बारीक."

"हं. तानपुऱ्यातही खर्ज शेवटीच येतो." एवढ्यावर तिचं समाधान झालं. मग सी तार पुन्हा छेडली, कान तबलीजवळ नेला आणि हसायला लागली.

"अरे, ही तर जवारी लागलीये!"

खरंच. मोकळी सी तार छेडली की "डँऽऽव" असा सतारीसारखा झणकार. पडदा दाबला की गायब. रात्री मला ते नुसतं खरखरणं वाटलं होतं. शब्द मिळाल्यावर कारण सापडायला पाच मिनिटं लागली. तानपुऱ्याच्या घोडीचा (तारा टेकतात ती) माथा रुंद आणि किंचित उतरता ठेवतात. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते, त्यातून तो झणकार उठतो. तिथे तो मुद्दाम आणतात, तारेखालचा दोरा सरकवून नेमका करतात. इथे तो मी चुकून आणला होता. खाचेचा उतार खुंट्यांच्या दिशेने हवा, म्हणजे तार पडद्यांच्या बाजूच्या कडेवरून स्वच्छ सुटते. माझा हात घाईत उलटा कलला आणि उतार पडद्यांकडे झाला. शिवाय खाच ०.२ मिमी जास्त खोल.

"राहू दे की, छान लागतंय," आत्या म्हणाली. लेकीने माझ्याकडे असं बघितलं की राहू देणं शक्य नव्हतं.

१२ ऑगस्ट

दुरुस्ती: खाचेत चिमूटभर खायचा सोडा दाबून भरला, वर फेविक्विकचा एक थेंब. क्षणात दगडासारखं होतं. शेजारच्या खाचांवर आधी चिकटपट्टी लावावी. मी लावली नाही, मग ई तारेची खाचही पुन्हा साफ करत बसलो. धूर नाकात जातो, खिडकी उघडी ठेवा. नव्याने खाच पाडली, या वेळी दर पाच घासण्यांनंतर तपासून.

आता पहिल्या पडद्यावर चारही तारा ०.५ ते ०.५५ मिमी. ट्यूनरवर ई चार सेंट वर, सी पाच. एफ कॉर्ड पहिल्यांदा एफसारखा वाजला. नट उतरल्यामुळे बाराव्यावरची उंचीही ३.४ वरून आपोआप ३.१ वर आली. म्हणून आधी नट, मग सॅडल. उलट केलं तर सॅडल जास्त घासलं जातं आणि ते परत वाढवता येत नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो आणि सॅडलला बसलो. बाराव्यावर जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलच्या तळातून काढायचं. मला ३.१ चं २.६५ हवं, म्हणजे ०.९ मिमी.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून पट्टी हातात धरून घासली. माप बरोबर ०.९ आलं. बसवली, वाजवलं तर ए तार एकदम मेलेली, नुसतं "टक". पट्टी काढून तळ काचेवर ठेवला तर होडीसारखा डुलत होता. हातात धरून घासल्याने कडा जास्त गेल्या होत्या. पोटाला पट्टी मधेच टेकत होती, टोकं अधांतरी. ए तार टोकालाच असते. कंपनं तबलीत उतरणार कुठून?

इन्स्पेक्शनवाल्या माणसाने ही चूक करावी याची लाज वाटली म्हणून लिहून ठेवतोय. तळ सरळ करायला गेलो असतो तर उंची फारच कमी झाली असती. नवीन सॅडल मागवलं, १८० रुपये.

१८ ऑगस्ट

नवीन सॅडल. या वेळी लाकडी गुटक्याला टेकवून घासलं, गुटका काटकोनात. दर ०.२ मिमीला व्हर्निअर. अर्धा तास. बाराव्यावर २.६५, सूर सहा सेंट वर. ए तार बोलायला लागली.

आणि नवं दुखणं सुरू. ए सूर वाजला की कुठेतरी बारीक "झर्रर्र". फक्त त्याच सुराला. सी तारेचा नववा पडदा दाबला, म्हणजे तोच सूर, तरीही तेच. म्हणजे दोष तारेत नाही, पडद्यात नाही. त्या सुराला काहीतरी सैल वस्तू थरथरतेय.

१९ ते २१ ऑगस्ट

तीन संध्याकाळी वाया. खुंट्यांचे स्क्रू, वॉशर, नट आवळले. खुंट्या एकेक हाताने दाबून धरल्या. तारांची उरलेली टोकं कापली. काही फरक नाही. फोनवर आत्याला ऐकवलं. "आवाज भोपळ्यातून येतोय," ती म्हणाली. मी म्हटलं फोनवरून तुला काय कळणार, आणि पुन्हा खुंट्या आवळल्या.

तिसऱ्या दिवशी आरसा आत घातला. पट्ट्या घट्टच. पण तळाला चिकटवलेलं कंपनीचं लेबल (होय, "सॉलिड महोगनी" लिहिलेलं तेच) पावसाळी हवेने एका कोपऱ्यात सुटलं होतं. काडीने त्याचा कोपरा दाबून धरला आणि लेकीला ए वाजवायला सांगितलं. शांत. ब्रशने थोडा डिंक लावला.

२३ ऑगस्ट

सोबत आलेल्या नायलॉनच्या तारा काढून फ्लुरोकार्बनच्या (दुसऱ्या प्रकारचं प्लास्टिक) लावल्या, ६५० रुपये. पहिल्या दिवसापासून एक काम बरं केलं होतं: फोन त्याच टेबलावर त्याच जागी ठेवून, त्याच अंगठ्याने, तोच सी कॉर्ड रेकॉर्ड करत आलो. आज सलग ऐकले. नट आणि सॅडलनंतर सूर सुधारला, पण आवाजाचा पोत तोच, गादीखाली ठेवल्यासारखा. तारा बदलल्यावर कड आली. मोकळी ए तार घड्याळ लावून मोजली, आधी चार सेकंदांत विझत होती, आता साडेपाच. बाराव्या पडद्यावर अजून दोनच सेकंद. जाड प्लाय आहे, त्याच्याकडून याहून जास्त मागू नये.

२४ ऑगस्ट

आजची संध्याकाळ पूर्णपणे माझ्या अज्ञानामुळे गेली. आत्या आली, वाजवलं, म्हणाली, "ग आणि ध चढे आहेत." ट्यूनरवर सगळ्या तारा शून्यावर. मी पुन्हा नट, पुन्हा सॅडल मोजत बसलो. काही सापडेना.

शेवटी तिने कानाने जुळवलं. मग ट्यूनर लावला तर ई १४ सेंट खाली, ए १६ सेंट खाली. आणि मोकळ्या सा-ग-प ला जो गोडवा आला, तो मलाही कळला. मग लेकीने एफ धरला आणि वाद्य थरथरायला लागलं. एफमध्ये जी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ए येतो आणि मोकळी तारही तोच ए देते. एक ४४०, दुसरा ४३६. सेकंदाला चार वेळा झुलणारा आवाज.

दोघंही बरोबर होते. ट्यूनर आणि पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. आत्याचा ग आणि ध तानपुऱ्यातून आलेले, ते जरा खाली असतात. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे ठोकलेले. कॉर्ड वाजवायचे तर ट्यूनरचंच ऐकावं लागतं.

"मग मला कशाला बोलावतोस?" आत्या म्हणाली.

२६ ते ३० ऑगस्ट

जन्माष्टमीपासून पाऊस थांबला नाही. विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या वर गेली. आम्ही अकोट्याला दुसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी, स्कूटर गेली. वीज नाही. युकुलेले कपाटावर, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. चौथ्या दिवशी लेकीने मेणबत्तीत तो काढून वाजवला. खालच्या मजल्यावरचे लोक आमच्याकडेच होते, त्यांच्या मुलांनी सलग दोन तास सोडला नाही. त्या दिवसांची मापं नाहीत.

१ सप्टेंबर

हायग्रोमीटर घेतला, ३५० रुपये. घरात आर्द्रता ८४ टक्के. वाद्याला पन्नासच्या आसपास बरी. बाराव्यावर तारेची उंची २.६५ वरून २.८. तबली ओलाव्याने फुगली, ब्रिज किंचित वर आला. सॅडल पुन्हा घासायला हात शिवशिवला, घासलं नाही. बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला.

८ सप्टेंबर

उंची २.७. आठवडा थांबलो ते बरं झालं. घासलं असतं तर आता पडद्यांवर तार खरखरली असती.

काल गणपती बसले. आरतीला लेकीने टाळांबरोबर दोनच कॉर्ड धरून साथ केली. टाळांपुढे ऐकू काहीच आलं नाही.

खर्च: वाद्य ४,३५०, तारा ६५०, सॅडल १८०, आरसा ८०, पॉलिश पेपर ६०, फेविक्विक १०, हायग्रोमीटर ३५०. एकूण ५,६८०. वेळ साधारण चोवीस तास. त्यातले नऊ-दहा माझ्याच चुका निस्तरण्यात गेले.

राहिलेलं: बोचणारी तीन टोकं. ती आत्ता घासत नाही. थंडीत हवा कोरडी झाली की लाकूड आकसेल आणि आणखी टोकं बाहेर येतील, तेव्हा एकदमच करीन. पंधरावा पडदा तसाच. बिघडलेलं सॅडल आत्याने मागून नेलं, तिच्या जुन्या दिलरुब्याला (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) कुठेतरी पाचर म्हणून लागतंय म्हणे.